फाटक उघडं हाय

गुरुवारी फोन आला नाही. संध्याकाळी बातमी आली की त्या दोन देशांत पुन्हा युद्ध सुरू झालं. हलीमाबाई शिकलगार खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांचा पुतण्या सलीम दारात उभा होता. मी मांडीवर पेपर घेऊन बसलो होतो. बातमी संपल्यावर सलीमनं टीव्ही बंद केला. बाई म्हणाल्या, "आज गुरुवारच न्हवं?" मी हो म्हणालो. 

त्या दोन देशांची नावं मी इथे लिहीत नाही. बाईही घेत नसत. त्यांच्या बोलण्यात एक थोरली पाती होती आणि एक धाकटी पाती. आमच्याकडे एका घराण्याच्या वाटण्या होऊन दोन शाखा झाल्या की त्यांना असं म्हणतात. बाईंच्या मते ते दोन देश म्हणजे एकच घराणं होतं, बांधावरून भांडलेलं. कोणी 'शत्रुराष्ट्र' म्हणालं तर त्या म्हणत, "भावकी म्हणा की. शत्रूला काय शेजारी ऱ्हावं लागत न्हाय."

त्यांचं चरित्र मला नीट माहीत नाही. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या, हत्यारांना धार लावणाऱ्या घरातली ही मुलगी परराष्ट्र खात्यात कशी गेली, लग्न का केलं नाही, कुठे कुठे राहिली, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. एवढं ठाऊक आहे की पहिलं युद्ध संपल्यावर धाकट्या पातीच्या सरकारनं आपल्या सरकारकडे मदत मागितली. त्यांचं परराष्ट्र खातं जळालं होतं. जुने अधिकारी मेले होते, नाहीतर पळून गेले होते. शेजाऱ्यांशी बोलायचं कसं हे माहीत असणारं कोणी उरलं नव्हतं. तेव्हा बाईंना तिकडे पाठवलं. "मला उसनी दिली गा सरकारनं," त्या म्हणायच्या. "शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तशी. पाच वर्सं झाली तरी वाटी परत मागायचं कुणाच्या ध्यानात न्हाय."

निवृत्त होऊन त्या पेठेत परत आल्या आणि सलीमच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहू लागल्या. सलीम आता धार लावत नाही, मिक्सर दुरुस्त करतो. आमच्या कॉलेजात बाईंचं व्याख्यान झालं, त्यानंतर त्या ग्रंथालयात आल्या. मी तिथला ग्रंथपाल. पुढे त्यांची नजर अधू झाली, तेव्हा मी त्यांना वाचून दाखवायला जाऊ लागलो. ग्रंथालयाला सुट्टी गुरुवारी असते, म्हणून गुरुवार ठरला. तिकडचा फोनही गुरुवारीच येतो हे मला तिथे गेल्यावर कळलं.

पहिल्याच दिवशी मी दाराकडे पाठ करून बसलो. त्यांनी मला उठवलं.

"हितं न्हाय. त्या खुर्चीत बसा."

"का हो मॅडम?"

"पावण्याला दार दिसलं पायजे. दार दिसलं की मानूस जास्त येळ बसतो."

तेव्हापासून माझी ती खुर्ची ठरली. मी खरोखरच जास्त वेळ बसू लागलो.

मला वाटलं होतं, परदेशात राहिलेली बाई जपून बोलेल. पण भाजीवाल्यापासून प्राचार्यांपर्यंत त्या सगळ्यांना तोंडावर बोलत. व्याख्यानानंतर प्राचार्यांनी लांबलचक आभार मानले, तर माइक चालू असतानाच म्हणाल्या, "सायेब, पोरं भुकेली हाईत." मी एकदा म्हटलं, तुम्ही राजनयात होता असं वाटत नाही. त्या बशीत चहा ओतत म्हणाल्या, "तिकडं जलमभर गोड बोलले. कोटा संपला."

पण दोन माणसं अडून बसली आहेत असं दिसलं की त्या वेगळ्या होत. एकच प्रश्न विचारत, "त्यो घरी जाऊन काय सांगंल?" कुठल्याही भांडणात समोरच्याला हरवणं त्यांना सोपं वाटायचं. तो हरलेला माणूस घरी जाणार, बायको पाणी देताना विचारणार, काय झालं. तेव्हा सांगता येईल असं काहीतरी त्याच्या हातात दिलेलं असावं, नाहीतर तो उद्या परत भांडायला येणार. त्यांचं सगळं शास्त्र मला यापलीकडे दिसलं नाही.

एका फुटबॉल हंगामात पेठेतल्या एका संघाच्या कार्यकर्त्यांनी मॅचनंतरच्या मारामारीत शेजारच्या पेठेतल्या संघाचा झेंडा पळवून आणला. आठवडाभर दोन्हीकडचे लोक रस्ता बदलून जात होते. संघाचा मॅनेजर, चांगला मिशाळ, पन्नाशीचा गृहस्थ, सलीमबरोबर वर आला. मी तिथेच होतो.

"झेंडा द्यायचाय हो बाई," तो म्हणाला. "पर दिला तर आमी भ्यालो असं हुतंय."

"झेंडा धुतलासा का?"

"आँ?"

"चिखलात पडलावता न्हवं? धुवा. इस्त्री करा. त्यांचा गोलकीपर पाय मोडून पडलाय म्हणं. त्येला बघायला जावा."

"आनि झेंडा?"

"पिशवीतनं न्यायचा आनि तिथं इसरून यायचा. झेंडा द्यायला आलोय म्हणायचं न्हाय. आजारी मानसाला बघायला आलोय."

मॅनेजर खूश होऊन गेला आणि सांगितल्याप्रमाणे पिशवी विसरून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुसऱ्या पेठेतली मंडळी पिशवी घेऊन याच्या दारात हजर. "मामा, तुमची पिशवी आमच्यात ऱ्हायली की!" आत बघायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. हा धावत वर. बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"आता वो काय करायचं?"

"आता त्यांना च्या पाजा. पिशवी टेबलावर ठेवा आनि म्हणा, ही आमची न्हाय, तुमचीच असंल. उघडून बघा."

तसं झालं. झेंडा त्यांनी त्यांच्याच हातानं पिशवीतून काढला. मॅनेजरनं वर येऊन सगळं सांगितलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "बघा, कुणी दिला न्हाय, कुणी घेतला न्हाय. अशी कामं असत्यात."

तिकडच्या गोष्टी त्या क्वचित सांगत. जळालेल्या खात्याची इमारत दुरुस्त करायला घेतली, तेव्हा त्यांनी सगळ्यांत आधी पाहुण्यांची खोली तयार करायला लावली. मंत्री चिडला, त्याला स्वतःला टेबल नव्हतं. बाई त्याला म्हणाल्या, तुमच्याकडं कोणी येणारच नसेल तर टेबलावर काय करणार? मग मंत्रीही त्या पाहुण्यांच्या खोलीतच बसून काम करू लागला, आणि पाहुणा आला की उठून व्हरांड्यात जाई.

पण खरी गोष्ट फाटकाची. ती त्यांनी मला दोनदा सांगितली. दोन्ही वेळा सारखीच.

दोन देशांच्या मध्ये एक ओढा आहे. ओढ्यावर पूल, पुलावर लोखंडी फाटक. युद्धाआधी दोन्हीकडच्या गावांत सोयरिकी होत्या. माहेर अलीकडे, सासर पलीकडे. युद्धात फाटक बंद झालं. युद्ध संपलं, करार झाला, राजदूतांची अदलाबदल झाली, तरी फाटक बंदच. "करार मोठ्या लोकांनी केला," बाई म्हणत. "त्यात माझं काय न्हाय. माझं ते फाटक." आठवड्यातून एक दिवस ते उघडावं, लेकींनी आईबापाला भेटून यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

बोलणी पुलाजवळच्या एका झोपडीत ठरली. टेबल कसं ठेवायचं, पुलाकडे तोंड कोणाचं, यावरच महिना गेला. शेवटी बाईंनी टेबल बाहेर काढायला लावलं आणि आपल्या पेटीतलं घोंगडं झोपडीत अंथरलं. काळं, कोल्हापूरचं. थंडीच्या मुलखात जाते म्हणून आईनं दिलेलं. आपल्याकडे पाहुणा आला की घोंगडं टाकतात. त्यात त्यांना वावगं काही दिसलं नाही.

"थोरल्या पातीचा म्होरक्या दारात आला," त्या सांगत. "उंच, पांढऱ्या भुवया. मी त्येला मनातल्या मनात पाटील म्हणायची. त्यानं घोंगडं बघितलं आनि थांबला. मागची समदी थांबली. आमच्याकडची पोरं बघते तर पांढरीफटक. बापू माझ्या कानाशी आला. म्हणला, मॅडम, हे काय केलंसा? आमच्यात काळं कांबळं मयताच्या घरात टाकत्यात."

बापू हा बाईंनी तयार केलेल्यांपैकी एक तरुण दुभाषा. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, म्हणून बाईंनी त्याला बापू केलं.

"मला वाटलं संपलं. गुंडाळाय म्हणून वाकले. तर त्या पाटलानं हात वर केला. बापूला विचारलं, कोन गेलंय?"

इथे त्या थांबत.

"बापूनं माझ्याकडं बघितलं. मी काय सांगनार? मग त्यानंच सांगितलं. आपल्या भावाचं नाव घेतलं. युद्धात गेलेला. पाटील तसाच हुबा. मग त्यानं बूट काढलं. आत येऊन बसला आनि आपल्या ल्योकाचं नाव घेतलं. मग ज्यो त्यो बूट काढून आत येईल, बसंल, नाव घेईल. दुपार त्यातच गेली. फाटकाचं कुणी बोललंच न्हाय."

"मग?"

"त्यांच्यात रीत हाय. काळ्या कांबळ्यावर एकत्र बसलेल्या मानसानं दुसऱ्याच्या घरचं वाईट बघायचं न्हाय. जाताना पाटील म्हणला, गुरुवारी परत बसू. दोन गुरुवार बसले. तिसऱ्या गुरुवारी फाटक उघडलं."

एवढं सांगून त्या लगेच म्हणत, "चुकून झालं. माझी हुशारी न्हाय त्यात."

घोंगडं त्या तिथेच ठेवून आल्या. दर गुरुवारी फाटक उघडलं की बापू आणि पाटील त्यावर बसून लोकांच्या तक्रारी मिटवत. कोणाची गाय पलीकडे गेली, कोणाच्या नवऱ्यानं बायकोला परत पाठवलं नाही. संध्याकाळी फाटक लागलं की बापू बाईंना फोन करी. बाईंनी त्याला चार शब्द मराठी शिकवलं होतं. बाकीचं ते इंग्रजीत बोलत, पण सुरुवात कायम तीच असे. स्पीकर चालू असायचा, म्हणून मलाही ऐकू येई.

"बरं हाय?"

"बरं हाय की. फाटक?"

"उघडं हाय."

सलीम खालून ओरडायचा, "फुफी, उघडं हाय का?" बाई वरून ओरडत, "हाय!" पलीकडचा पानवालाही कधीकधी विचारी. ते फाटक कुठलं, हे त्याला माहीत नव्हतं.

युद्ध सुरू झाल्यावर आम्ही बापूचा नंबर लावत राहिलो. लागला नाही. बाईंनी आपल्या जुन्या खात्यात विचारलं. माहिती नाही, असं उत्तर आलं. बातम्यांत त्या पुलाचं नाव एकदा आलं, पूल पडला एवढंच. युद्ध सुरू झालं त्याच गुरुवारी सकाळी पडला असं म्हणत होते. गुरुवारी सकाळी त्या पुलावर काय असतं हे आम्हा दोघांना माहीत होतं. लेकी असतात, पोरं असतात, डोक्यावर गाठोडी असतात.

दोन-तीन गुरुवार तसेच गेले. मी वाचायचो, त्या ऐकायच्या. मग एकदा मधेच म्हणाल्या, "ग्रंथपाल, मी ते फाटक उघडलं नसतं तर त्या दिवशी तिथं कोन आलंच नसतं."

मी म्हणालो, "असं नका म्हणू."

"म्हणत न्हाय. हिशेब सांगतोय."

कोल्हापूरच्या बायका पुष्कळदा पुरुषासारखं बोलतात. बाई तसं फक्त दमल्या की बोलत.

त्यानंतर त्यांनी मला विदेशी पान वाचू दिलं नाही. "गावातलं वाचा." मी उसाचा दर वाचला, कागलजवळच्या अपघाताची बातमी वाचली, निधनवार्ता वाचल्या. पावसाचे दिवस होते. एका गुरुवारी वाचलं की राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले.

"आपोआप उघडत्यात व्हय?" बाईंनी विचारलं.

"पाणी ठरावीक पातळीला आलं की उघडतात."

"कुनाला बसवायला लागत न्हाय, कुनाची समजूत काढाय लागत न्हाय." त्या किंचित हसल्या. "नशीबवान हाईत."

युद्ध सुरू झाल्यापासून त्यांना हसताना मी पाहिलं ते तेवढंच.

एक सवय त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. पाहुणा निघाला की त्या जिना उतरून खाली येत आणि तो कोपऱ्यावरून दिसेनासा होईपर्यंत दारात उभ्या राहत. दूधवाला असो की कुलगुरू. गुडघे दुखत होते, सलीम रागवायचा, पण ऐकत नसत. मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "मानूस कोपऱ्यावर वळून बघतो. तवा दार लावलेलं दिसलं तर घरी जाऊन काय सांगंल?"

तो शेवटचा गुरुवार आहे हे अर्थातच माहीत नव्हतं. पेपर संपला. मी उठलो. त्या माझ्या मागून कठडा धरून उतरल्या. दुकानात सलीम एक मिक्सर चालवून बघत होता, त्या आवाजात त्या काहीतरी म्हणाल्या ते मला कळलं नाही. मी कोपऱ्यावर वळून पाहिलं. दारात उभ्या होत्या. पदर डोक्यावर होता, एक हात चौकटीला. त्यांना मी तिथून दिसत नसणार, नजर तेवढी उरली नव्हती. पण मी कोपऱ्यावर पोहोचलो असेन असा अंदाज त्यांनी केला असावा, कारण त्यांनी हात वर केला. मीही केला.

रविवारी दुपारी जेवून झोपल्या त्या उठल्या नाहीत. सलीमनं मला फोन केला. संध्याकाळी दफन झालं. मी सलीमबरोबर कब्रस्तानात गेलो. माती दिली. फुटबॉल संघाचा मॅनेजर आला होता. त्या दुसऱ्या पेठेतले लोकही आले होते. घरी येऊन मी आंघोळ केली आणि सोमवारी कामावर गेलो.

गुरुवारी मी पेपर घेऊन निघालो. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं. तरी गेलो. सलीमनं दुकानात स्टूल दिलं. मी दाराकडे पाठ करून बसलो होतो, ते त्याच्याच लक्षात आलं. त्यानं मला उठवून स्टूल दार दिसेल असं ठेवलं. बाईंचा मोबाइल त्यानं दुकानात चार्जिंगला लावून ठेवला होता. बंद का केला नाही, असं मी विचारलं. "कळंना," तो म्हणाला.

संध्याकाळी तो वाजला. सलीमनं बघितलं आणि माझ्या हातात दिला.

"बरं हाय?"

मी स्टुलावरून उठलो. त्यानं परत विचारलं. मग मी इंग्रजीत सांगितलं की मी कोण आणि बाई रविवारी गेल्या.  फोन कटला असं मला वाटलं.

मग तो सावकाश बोलू लागला. गावं रिकामी करायला लागली होती, तो डोंगरातल्या बहिणीच्या घरी होता, तिथे आजवर फोन लागत नव्हता. त्याला बाईंना एक गोष्ट सांगायची होती. ती त्यानं मला सांगितली.

त्या गुरुवारी सकाळी फाटक उघडायच्या आधी लोक जमले होते, नेहमीसारखेच. पाटील पलीकडून चालत आले, एकटेच. फाटकाच्या गजांतून बापूला म्हणाले, आज उघडू नकोस. सगळ्यांना घरी पाठव. बापूनं कारण विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. झोपडीकडे बोट करून एवढंच म्हणाले, आपण त्यावर बसलो आहोत. आणि परत गेले. बापूनं लोकांना परत पाठवलं. बायका रडल्या, एक म्हातारी त्याला शिव्या देत गेली. तो झोपडीतलं घोंगडं गुंडाळून घेऊन निघाला. गावाच्या वेशीपाशी पोहोचला तेव्हा पूल पडला. पुलावर कोणी नव्हतं.

"कोणीच नाही?" मी विचारलं.

"कोणीच नाही."

पाटलांचं पुढे काय झालं ते त्याला माहीत नाही. त्यांचा फोन लागत नाही.

फोन ठेवल्यावर सलीमनं विचारलं, "काय म्हणला?" मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि म्हणाला, "चार दिस आदी लागला असता तर."

मी हो म्हणालो.

त्या रात्री बापूनं बहिणीच्या घरात घोंगडं अंथरलं. पुढच्या गुरुवारी त्यानंच ते सांगितलं. त्याच्या खात्यातली बाईंनी शिकवलेली जी माणसं जवळपास होती ती आली, बूट काढून बसली आणि बाईंचं नाव घेतलं.

आता मोबाइल माझ्याकडे आहे. गुरुवारी मी बाईंच्या खोलीत जाऊन बसतो. सलीमनं खुर्च्या हलवलेल्या नाहीत. फोन येतो. तो 'बरं हाय?' विचारतो, मी 'बरं हाय' म्हणतो. पूल उरला नाही, तरी मग मी फाटकाचं विचारतो. बंद आहे. घोंगडं त्याच्या बहिणीच्या घरी आहे.